मुतखडा निघाला, पण नळी निघाली का?

मुतखड्याचे दुखणे आपल्या वस्त्यांना नवे नाही. खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीसारख्या गावात बांधकामावर, शेतात, कारखान्यात राबणाऱ्याचा घाम जास्त जातो आणि पाणी कमी प्यायले जाते. आपल्या बायका तर कामावर संडासाची सोय नाही म्हणून पाणी पिणेच टाळतात. लघवी घट्ट झाली की त्यातले क्षार साचून खडा धरतो.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपोआप पडतो. पण मोठा खडा कुळथाचे पाणी आणि पानफुटी यांच्या भरवशावर ठेवणे आम्हाला घातक वाटते. कळ थांबली म्हणजे खडा गेला असे नाही. अडलेला खडा मूत्रपिंड गुपचूप निकामी करू शकतो. कळीसोबत थंडी-ताप भरला किंवा लघवी थांबली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावे.

ऑपरेशनची जुनी भीती आता सोडायला हवी. पूर्वी कुशीवर मोठी चीर घेत. आता मूत्रवाहिनीतला खडा लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेझरने फोडतात. मूत्रपिंडातला दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा पाठीला साधारण सेंटिमीटरभर छिद्र पाडून काढतात. ही पद्धत १९७६ साली स्वीडनमध्ये सुरू झाली. बहुतेक रुग्ण काही दिवसांतच घरी येतात.

खर्चाचे म्हणाल, तर आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात ती योजना २०१२ साली पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. मुतखड्याची ही ऑपरेशने तिच्यात आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला भेटावे, किंवा १५५३८८ वर फोन करावा.

मात्र खडा निघाला म्हणजे उपचार संपला, असे समजू नये. ऑपरेशननंतर लघवी अडू नये म्हणून बहुधा आत एक बारीक नळी ठेवतात. तिला स्टेंट म्हणतात. ती साधारण काही आठवड्यांत काढायची असते. बरे वाटू लागते, कामावर खाडा नको, पनवेलचे गाडीभाडे नको, म्हणून तारीख टळते. महिनोन्‌महिने राहिलेल्या नळीवरच खडे धरतात. मग पुन्हा ऑपरेशन करावे लागते, कधी मूत्रपिंडही गमवावे लागते. एका दिवसाची मजुरी वाचवून एवढा तोटा घ्यायचा का?

म्हणून घरी येण्याआधी तीन गोष्टी विचारा: आत नळी आहे का, ती कोणत्या तारखेला काढायची, आणि ते योजनेत होईल का. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. महिला मंडळाने विहारातल्या बैठकीत आठवण करून द्यावी.

खडा पुन्हा होतो. दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या रुग्णांना होतो. त्यामुळे लघवी पाण्यासारखी फिकट राहील इतके पाणी प्या, जेवणात मीठ कमी करा. आणि कामाच्या जागी बायकांसाठी संडास मागा. आमच्या मते तीही मुतखड्यावरची उपाययोजनाच आहे.