राज्यपद्धती आणि कुळाची जमीन

महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत एक विषय हमखास येतो : ‘आर्थिक सुधारणांसाठी लोकशाही योग्य की एकतंत्री सत्ता?’ एकतंत्री सत्तेची बाजू घेणाऱ्या वक्त्याला टाळ्या लवकर मिळतात. लोकशाहीत चर्चा फार, मतांची धास्ती फार, कोर्टकचेऱ्या फार. उलट एका माणसाच्या हुकमाने कामे झटपट होतात, असे तो म्हणतो. हा वाद तपासून पाहण्यासाठी रशिया-चीनपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या औराद तालुक्याच्या काळ्या मातीने राजेशाही पाहिली, लष्करी प्रशासन पाहिले, सनदी अधिकाऱ्याचे सरकार पाहिले आणि निवडून आलेली सरकारेही पाहिली. तेव्हा साक्ष तिचीच काढावी.

निजामाच्या राजवटीत हैदराबाद संस्थानचा सुमारे ४० टक्के मुलूख सर्फ-ए-खास आणि जहागिरी यांत मोडत होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली व जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्याकडे कारभार आला. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. विधिमंडळ नव्हते, विरोधी पक्ष नव्हता. एका हुकमाने पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था संपली. एकतंत्री सत्तेच्या समर्थकांना हा मुद्दा मोकळेपणाने दिला पाहिजे. परंतु हा बदल प्रामुख्याने जहागीरदार आणि सरकार यांच्यातला होता. सारा कोणाकडे भरायचा, एवढे त्यातून ठरले. नांगर धरणाऱ्या कुळाचा जमिनीवर हक्क कोणता, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

त्या प्रश्नाला हात घातला १९५० च्या हैदराबाद कूळ व शेतजमीन कायद्याने. तेव्हा मुख्यमंत्री होते एम. के. वेल्लोडी. ते सनदी अधिकारी होते, निवडून आलेले नव्हते. कायदा मात्र त्या काळाच्या मानाने पुढारलेला होता. ‘संरक्षित कूळ’ हा दर्जा त्याने दिला, खंडावर मर्यादा घातली. कागदावर पाहता याहून अधिक काय हवे?

प्रत्यक्षात काय घडले, ते अर्थशास्त्रज्ञ अ. मो. खुसरो यांनी केलेल्या पाहणीत नोंदलेले आहे. १९५१ मधील दर शंभर संरक्षित कुळांपैकी चार वर्षांनंतर सुमारे ४५ जणच त्या दर्जावर टिकून होते. सुमारे १२ जणांनी जमीन विकत घेतली. कायद्याने बेदखल झाले ते तीनच्या आत. बेकायदा हुसकावले गेले ते सुमारे २२. आणि १७-१८ जणांनी जमीन ‘स्वखुशीने’ सोडली! ही स्वखुशी कसली असते, हे खेड्यात वाढलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. बी-बियाणे मालकाचे, सावकारी कर्ज मालकाचे, पाटील-पटवारी मालकाच्या ओसरीवर बसणारे. अशा ठिकाणी अंगठा उठायला वेळ लागत नाही.

येथे लोकशाहीवाद्यांनीही फुशारकी मारू नये. १९५२ मध्ये निवडणुका होऊन बुर्गुल रामकृष्णराव यांचे सरकार आले, तरीही हे थांबले नाही. म्हणजे पाच वर्षांतून एकदा मत दिले की सुधारणा शेतापर्यंत पोचते, हेही खरे नव्हे.

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर-निलंगा मराठवाड्याबरोबर गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात गेले, औराद-भालकी म्हैसूर राज्यात आले. पुढे देवराज अर्स मुख्यमंत्री असताना कर्नाटकाने कूळकायद्यात मोठी दुरुस्ती केली. १ मार्च १९७४ पासून कुळाकडील जमीन सरकारजमा झाली आणि कुळाने मालकीसाठी अर्ज करावा असे ठरले. अर्स यांचा राजकीय आधार मागासवर्ग आणि भूमिहीन यांत होता, म्हणून त्यांना हे परवडले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. निकाल देण्याचे काम दिवाणी कोर्टाकडून काढून तालुक्याच्या भून्याय मंडळाकडे दिले. त्यावर अधिकाऱ्याबरोबर बिनसरकारी सभासद बसत, त्यांत एक अनुसूचित जाती-जमातीचा असे. वकिलांना तेथे मज्जाव होता. ही बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये रद्द केली. राज्यभरातून आठ लाखांवर अर्ज आले. मंडळांत वशिलेबाजी झाली नाही असे कोणी म्हणणार नाही. तरी कूळ स्वतःच्या तोंडाने बोलू शकेल अशी जागा निर्माण झाली.

मग आपल्या भागाला याचा लाभ किनारपट्टीइतका का झाला नाही? तिकडे कुळे संघटित होती, खंडाचे व्यवहार रूढ आणि उघड होते. इकडे बटई तोंडी, आणि बरीच कुळे आधीच ‘स्वखुशीने’ बाहेर पडलेली. कायदा एकच, मुख्यमंत्री एकच. पण ज्याच्या हाती पुरावा आणि पाठीशी माणसे, त्याच्याच पदरात माप पडले.

येथे जपानचे उदाहरण हटकून पुढे केले जाते. १९४६ नंतरची तेथील जमीन सुधारणा अमेरिकी लष्कराच्या अमलाखाली झाली, हे खरे. परंतु अंमलबजावणी गावोगावच्या निवडलेल्या समित्यांनी केली आणि त्यांत कुळांचे ५, जमीनदारांचे ३ व स्वतः कसणाऱ्यांचे २ प्रतिनिधी होते. हुकूम वरून आला, मोजमाप मात्र गावात झाले, आणि तेही कुळाच्या देखत. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून बटईदारांची नोंद झाली, तीही कचेरीत बसून नव्हे, तर गावात शिबिरे भरवून.

माझे म्हणणे इतकेच की, सुधारणा जाहीर करण्याचा वेग राज्यपद्धतीवर अवलंबून असतो. ती टिकणे मात्र निर्णयाच्या जागी कोण बसतो आणि नोंद कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते. हुकूमशाहीत गरिबाला ती जागा कोणी दिली तरच मिळते, आणि देणाऱ्याला ती काढूनही घेता येते. लोकशाहीत ती मागता येते. फरक हा आहे, आणि तो लहान नाही.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. २०२० मध्ये कर्नाटकात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावरचे निर्बंध उठले, तेही आधी वटहुकमाने, चर्चा नंतर. आजही आपल्या गावांत अनेक जण बटईने शेत करतात. कायद्याने खंडाने देणेच बंद, म्हणून पहाणीत त्यांचे नाव नाही. नाव नाही म्हणून पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई यांच्या वेळी ते रांगेबाहेर. गुलामगिरीत नव्हे, लोकशाहीत राहणारी ही माणसे आहेत, आणि तरीही सरकारी कागदाला ती दिसत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी बटईदार आहेत, आणि कित्येकांचे वडील स्वतः बटईदार आहेत. सुट्टीत गावी जाल तेव्हा एकदा घरची पहाणी काढून पाहा. जमीन कोण कसतो आणि कागद कोणाचे नाव सांगतो, हे ताडून बघा. पुढल्या वादविवादात टाळ्या थोड्या कमी पडतील कदाचित, पण बोलणे खरे होईल.