पुस्तकाबरोबर लेखकही वर्गात यावा

गुजरातमधल्या डभोईच्या मुलांना कवी दयारामांची गरबी (गीत) शिकवताना शिक्षकाचे निम्मे काम गावच करून टाकते. १८५३ साली याच गावात वारलेला कवी मुलांना परका वाटत नाही. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक मात्र बहुतेक मुलांना भेटते ते एखाद्या सुट्या धड्यातून. मायेची गोष्ट म्हणून ते वाचले जाते, डोळे पुसले जातात आणि तास संपतो. एवढ्यावर थांबणे हा पुस्तकावर आणि मुलांवरही अन्याय आहे. त्यातला मोळीचा प्रसंग घ्या. अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलून दे, असे आई श्यामला सांगते. वर घरी येऊन आंघोळ कर, असेही सांगते. मग आंघोळ कशाला, असे एखादी चुणचुणीत मुलगी विचारणारच. त्याचे उत्तर लेखकाच्या आयुष्यात सापडते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात आपल्या आईच्या आठवणींतून हे पुस्तक लिहिणाऱ्या साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. आईच्या शिकवणीतले अर्धे राहिलेले पाऊल मुलाने पुढे टाकले, हे वर्गाला कळायला हवे.

कलाकृती स्वयंपूर्ण असते, लेखक आणला की सनावळीची घोकंपट्टी सुरू होते, असा आक्षेप घेतला जाईल. भीती खरी आहे. म्हणूनच चरित्र आधी सांगू नये. आधी प्रसंग वाचावा, मुलांना अडखळू द्यावे, मग पंढरपूर सांगावे. श्याम म्हणजे हुबेहूब गुरुजी नव्हेत, हेही तेव्हाच बोलता येईल. गुजराती माध्यमातल्या मुलांपुढे हे सारे गुजरातीतून मांडले, तरी काही बिघडत नाही.