माळ्यावरच्या फ्लॉप्या

जुन्या पेढीच्या माळ्यावर बहुधा दोन प्रकारची दफ्तरे सापडतात. एक लाल कापडात बांधलेल्या वह्यांचे आणि दुसरे पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलेल्या काळ्या चौकोनी फ्लॉप्यांचे. पहिल्यात आजोबांच्या काळातील कीर्द-खतावणी असते, दुसऱ्यात वडिलांच्या काळातील. आजोबांची वही आजही सोडली की वाचता येते. वडिलांची फ्लॉपी मात्र घरातील कोणत्याच यंत्रात शिरत नाही.

पेढीवर प्रथम संगणक आला तो मोठ्या मानाने. त्याच्यासाठी काचेची खोली, वातानुकूलन आणि धूळ बसू नये म्हणून खास आवरण असे. पादत्राणे बाहेर काढूनच त्या खोलीत प्रवेश मिळे. दिवाळीला वहीपूजनाच्या पाटाशेजारी त्याच्यावरही कुंकवाचा स्वस्तिक उमटे. काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरे, फ्लॉपी वाचतानाची खरखर, कडेला भोके असलेल्या सलग कागदावर चालणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा कर्कश आवाज, हे सारे त्या पिढीच्या कानाडोळ्यांत आजही ताजे आहे. कित्येक मुनीमजींनी तर यंत्रावर विश्वास बसेपर्यंत वहीतला हिशेबही सोडला नाही.

व्यापाऱ्याची गरज ओळखूनच हे यंत्र पेढीवर स्थिरावले. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या व्यवसायाच्या हिशेबासाठी मनाजोगती प्रणाली मिळेना, तेव्हा त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी ती स्वतःच लिहिली. १९८६ साली बंगळुरूत सुरू झालेल्या त्या उद्योगातूनच पुढे घरोघरी परिचित झालेली ‘टॅली’ आली.

फ्लॉपीचे आयुष्य मात्र थोडेच ठरले. १९७१ साली आयबीएमची आठ इंची फ्लॉपी आली, १९७६ मध्ये सव्वापाच इंची आणि पुढे साडेतीन इंची. या शेवटच्या फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मजकूर मावे. आज मोबाइलवर टिपलेले एक साधे छायाचित्रही बहुधा त्यात बसणार नाही. परंतु त्या काळी लहान दुकानाचा वर्षभराचा हिशेब तिच्यात सामावत असे. मार्च २०११ मध्ये सोनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री थांबवली आणि एक पर्व संपले.

फ्लॉपीच्या आत प्लॅस्टिकची पातळ चकती असते आणि तिच्यावर चुंबकीय लेप. मजकूर त्या लेपावर चुंबकाच्या खुणांनी लिहिला जातो. दमट हवेत चकतीला बुरशी लागते, लेप सुटतो आणि खुणा क्षीण होतात. चकती सुस्थितीत असली तरी वाचणारे यंत्र हवे, आणि यंत्र मिळाले तरी त्या काळची प्रणाली हवी. तिन्हींपैकी एक जरी हरवले, तरी हिशेब मुका होतो.

याचे बोलके उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. तेथे १०८६ साली राजा विल्यमने देशाची जमीन व मालमत्ता यांची नोंद करविली. ती चामड्याच्या पानांवरची ‘डूम्सडे बुक’ आजही वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने शाळकरी मुलांसह लाखो लोकांच्या साहाय्याने देशाची नवी नोंद तयार केली आणि ती लेझर तबकड्यांवर साठवली. जेमतेम पंधरा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. अखेर संशोधकांना जुन्या यंत्राची नक्कल करणारी प्रणाली रचून तो मजकूर सोडवावा लागला.

नासाची कथाही अशीच आहे. १९६६-६७ मध्ये चांद्रयानांनी पाठविलेली चित्रे चुंबकीय फितींवर होती. त्या वाचणारी अवजड यंत्रे भंगारात जाण्याऐवजी वाचली, ती एका निष्ठावान अभिलेखपाल महिलेने अनेक वर्षे स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली म्हणून. त्यांच्याच आधारे पुढे चंद्राची ती चित्रे पूर्वीपेक्षा अधिक सुस्पष्ट मिळाली.

जैन समाजाला हा प्रश्न नवा नाही. स्मरणशक्ती क्षीण होऊ लागली तेव्हा गिरनारला आचार्य धरसेनांनी आपले ज्ञान पुष्पदंत व भूतबली यांच्याकडे सोपविले आणि षट्खंडागम ग्रंथरूप झाला. वलभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध झाले. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके जपलेली धवला टीका डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून छापून प्रसिद्ध होऊ लागली. ताडपत्रही झिजते, त्याला कसर लागते. तरीही शास्त्र टिकले, कारण प्रत्येक पिढीने त्याची नवी प्रत करविली. प्रत लिहविणाऱ्या श्रावक-श्राविकांची नावे म्हणूनच पोथ्यांच्या अखेरीस आदराने नोंदलेली आढळतात.

मग माळ्यावरचे खोके जपावे की टाकावे? अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्या घरात निरुपयोगी वस्तूंचा साठा शोभत नाही, हे खरे. परंतु त्या चकत्यांत भागीदारीचे पहिले जमाखर्च, एखाद्या ट्रस्टच्या देणगीदारांची यादी किंवा कोणी दिवंगत आप्ताने टंकलेली वंशावळ असू शकते. ती न पाहता फेकणे म्हणजे पोथी न सोडता विसर्जित करणे होय. वस्तूचा मोह सोडावा, पण तत्पूर्वी तिच्यातील मजकूर सोडवून घ्यावा.

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडता येणारे वाचक-यंत्र मिळते. सव्वापाच इंचीसाठी मात्र जुने यंत्र बाळगणाऱ्या जाणकाराकडे जावे लागते. बुरशी दिसणारी चकती यंत्रात घालू नये. ती स्वतः बिघडतेच, यंत्रही बिघडवते. मिळालेला मजकूर दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावा आणि महत्त्वाची पाने कागदावर छापून घ्यावीत. काम झाल्यावर रिकामे यंत्र ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. प्रवचनांच्या ध्वनिफिती आणि विवाहाच्या व्हिडिओ कॅसेट यांनाही हाच न्याय लागू आहे.

कार्तिक शुद्ध पंचमीला व्यापारी लाभपंचमी साजरी करतात आणि त्याच दिवशी ज्ञानपंचमी असते. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी येते. या दिवशी पोथ्या बाहेर काढून, झटकून, नव्या वेष्टनात बांधण्याची रीत आहे. त्याच दिवशी घरातील तरुणांनी पेढीच्या जुन्या नोंदींची नवी प्रत करण्याचा नियम घेतला, तर ती श्रुतसेवेच्या परंपरेला साजेशीच गोष्ट ठरेल. तरुणांना यंत्र कळते आणि ज्येष्ठांना नोंदींतील नावे ओळखता येतात. हे दोघे एकत्र बसू शकतात, तोवरच हे काम करून घ्यावे.