पोत्यात गोळी टाकण्याआधी खरेदीची वही उघडा

पावसाळा लागला की किराणावाल्यांचा एकच प्रश्न असतो, "मुगाला भुंगा लागलाय, पोत्यात गोळी टाकू का?" माझं उत्तर सरळ आहे. नाही.

ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन वायू निघतो, 3 ग्रॅमच्या गोळीतून साधारण 1 ग्रॅम. ज्या वायूने किडा मरतो, त्यानेच माणूसही मरतो. त्यावर उतारा नाही. आणि वास आला नाही म्हणजे वायू नाही, असं समजू नका.

तुम्ही म्हणाल, "मग गोडाऊनवाले कसे वापरतात?" आपल्या गुलटेकडीलाच राज्य वखार महामंडळाचं मुख्य कार्यालय आहे, 1957 पासून धान्य साठवणं हेच त्यांचं काम. वखारीत धुरी देतात ती अशी: थप्पीवर वायू न जाणारं कव्हर, कडांवर वाळूच्या लांब पिशव्या, पाच-सात दिवस सगळं बंद, मग हवा खेळती करायची. आता पेठेतलं आपलं दुकान बघा. खाली माल, वर बिऱ्हाड, मागे कामाचा पोरगा झोपलेला. वायू फटीतून वर जाणार आणि किडा अर्धवट मरणार. वाचलेल्या किड्यांची पिलावळ पुढे गोळीला दाद देत नाही, ते वेगळंच.

कायद्यानेही ही गोळी फक्त सरकारी संस्था आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांसाठी आहे. ओळखीने मिळाली तरी तुम्ही ती वापरायची नाही.

माझ्या मते भुंगा हा औषधाचा नाही, खरेदीचा प्रश्न आहे. अंड्यापासून भुंगा तयार व्हायला साधारण महिना लागतो. तुमचा मूग दोन महिने पडून असेल, तर भुंगा तुम्हीच पाळताय. भाव उतरला म्हणून 10 पोती उचलली, महिन्याला विकली 4. वाचलेले पैसे चाळण्यात आणि परत आलेल्या मालात गेले. गिऱ्हाईक गेलं ते कुठल्या वहीत लिहिणार?

एवढं करा. पोत्यावर आल्याची तारीख टाका. आधी आलेला माल आधी विका. पोती फळीवर ठेवा, भिंतीला चिकटवू नका. कडधान्य 20 दिवस पुरेल एवढंच घ्या. स्वतंत्र गोडाऊन असेल आणि साठा मोठा असेल, तर परवानाधारक माणूस बोलवा आणि बिल घ्या.

आज दुकान बंद करताना सगळ्यात जुनं पोतं कोणतं, ते शोधा. उद्या पहिलं तेच उघडा.