नवा फ्रिज आला, फरशी फुटली: भरपाई कोण देणार?

फ्रिज घरात आणताना फरशी फुटली किंवा दाराची चौकट उखडली, की डिलिव्हरीवाला म्हणतो ‘कंपनीशी बोला’ आणि कंपनी म्हणते ‘वाहतूकदाराशी बोला’. ही टोलवाटोलवी ऐकून घ्यायची गरज नाही. घरपोच डिलिव्हरी हा तुम्ही पैसे मोजून घेतलेल्या सेवेचाच भाग आहे. त्यात निष्काळजीपणा झाला, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ती सेवेतील त्रुटी ठरू शकते.

पुरावा मात्र तिथल्या तिथे हवा. माणसं निघण्याआधी फोटो काढा, पावतीवर सही करतानाच नुकसान लिहा, गवंड्याकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या. (त्या मुलाच्या खिशातून पैसे मागू नका, जबाबदारी त्याला पाठवणाऱ्याची.)

खरेदी ऑनलाइन असेल, तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार सोडवायची असते. तसं झालं नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. शुल्क मागितलेल्या भरपाईवर नाही, तर मोजलेल्या किमतीवर ठरतं. 5 लाखांपर्यंत ते शून्य आहे.

शेजाऱ्याचं कपाट चढवताना तुमची भिंत फुटली, तर मात्र पंचाईत. त्या व्यवहारात तुम्ही ‘ग्राहक’च नाही. मग नोटीस आणि दिवाणी न्यायालय एवढंच उरतं, आणि दोन-चार हजारांच्या प्लास्टरसाठी ती वाट सहसा कुणी धरत नाही.