‘मिलिटरीची रायफल’ घेताय? आधी परवाना बघा, मग नळी, किंमत शेवटी

वाई : सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेल्या माणसांची कमी नाही, आणि जुन्या बंदुकांचीही नाही. २०१९ च्या कायदा दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. तेव्हापासून घरातलं जादा हत्यार, आजोबांची रायफल विकायची बोलणी गावोगाव होतात. विकणाऱ्याचं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘ओरिजनल मिलिटरीची आहे, फक्त बोअर बदललाय.’ या एका वाक्यावर भाव चढतो. तो चढावा असं त्यात फारसं काही नाही.

लष्कराची आणि पोलिसांची ओळखीची रायफल म्हणजे .३०३ ली-एनफिल्ड. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनली. २६/११ च्या रात्री सीएसएमटी स्थानकावर शिपायांच्या हातात हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. पण सरकारी काडतूस साध्या माणसाच्या हाती जाऊ नये म्हणून हा बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाही. जिल्हाधिकारी तो देऊ शकत नाहीत, विषय थेट केंद्रीय गृह खात्याकडे जातो. म्हणून नागरिकांसाठी .३१५ बोअर आला.

इथंच बहुतेकांची गफलत होते. ईशापूरची .३१५ रायफल ली-एनफिल्डच्याच धाटणीची, तोच बोल्ट, तसाच दस्ता. पण ती कारखान्यातच .३१५ म्हणून बनते, लष्करातून निघालेली नसते. दिसायला मिलिटरी, कागदावर स्पोर्टिंग. खरी लष्करी रायफल बदलून घेतलेली असेल तर गोष्ट वेगळी, आणि जास्त जोखमीची. नियमाची भाषा नीट वाचण्यासारखी आहे : .३०३ किंवा ७.६२ चं सरकारी काडतूस ज्यात बसतं आणि उडतं, अशी कुठल्याही बोअरची रायफल त्याच बंधनाखाली येते. नळीवर काय कोरलंय याला तिथं फारशी किंमत नाही. ब्रिटिश काळात पहारेकऱ्यांसाठी .३०३ बदलून .४१० ची एकबारी मस्केट केली गेली, तीसुद्धा याच यादीत आहे.

बदललेली रायफल भरवशाची किती, हे बदल कुणी केला यावर ठरतं. बोअर बदलायचा तर परवानाधारक कारखानदारानेच बदलायचा आणि नंतर प्रूफ चाचणी झाली पाहिजे. नळीवर चाचणीची खूण नसेल तर पुढचं बोलणंच नको. ली-एनफिल्डचा बोल्ट त्या-त्या रायफलीला बसवलेला असतो, म्हणून बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळला पाहिजे. जुळत नसेल तर काडतुसामागची जागा सैल असू शकते. उडालेल्या काडतुसाला बुडाजवळ चमकदार रेघ किंवा चीर दिसली, की समजावं. अशी रायफल पुढं गोळी मारेलही, पण मागं धरणाऱ्याच्या तोंडाला धोका.

नळीचं दुखणं आणखी वेगळं. जुन्या लष्करी काडतुसाच्या टोपीतलं क्षार नळीत राहतं आणि ओल धरतं. वाईच्या पश्चिमेला चार महिने जो पाऊस लागतो, त्यात न धुतलेल्या नळीचे आटे खाऊन जातात. वरून पॉलिश चकचकीत असते! बोल्ट काढून उजेडाकडे धरून नळीत बघावं. काळे खड्डे, आत सावलीसारखं कडं दिसलं तर नळी फुगलीय. शस्त्र विक्रेत्याच्या कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय इसार देऊ नये.

किमतीबद्दल एक उलटी गोष्ट. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त मिळालेल्या लष्करी रायफली लोकांनी कापून, घासून शिकारीच्या केल्या. आज संग्राहक न बदललेल्या रायफलीला जास्त पैसे मोजतात. आपल्याकडे तर गिऱ्हाईकच परवानाधारक लागतं, आणि विकण्याआधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. त्यामुळे ‘उद्या दुप्पट होईल’ या बोलण्यात दम नाही.

रानडुकरांसाठी रायफल घेणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. पीक राखणीसाठी कायद्याने ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय ठेवलीय. रायफलची गोळी किलोमीटरच्या पुढं जाते, आणि डोंगरउतारावर खालच्या वावरात कोण आहे ते अंधारात दिसत नाही. शिवाय डुक्कर मारायला वन खात्याची परवानगी वेगळी लागते, ती बंदुकीच्या परवान्यात येत नाही.

सगळ्यात जास्त फसतात ते वारस. परवानाधारक वारला की त्याचा परवाना मुलाला आपोआप लागू होत नाही. रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून जिल्हाधिकारी कार्यालयात वारस म्हणून अर्ज करावा लागतो. आठवण म्हणून माळ्यावर ठेवलेलं हत्यार सापडलं तर शिक्षा २ ते ५ वर्षं. वडील हयात असतानाही वाट आहे : परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, की वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो.