चाकावरची चूल

कल्याणहून अहिल्यानगर, पाथर्डी, परभणी, नांदेडमार्गे निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पाथर्डी तालुक्यातील तिसगावातून जातो. करंजीचा घाट ओलांडून आलेली मालमोटार रात्री रस्त्याच्या कडेला उभी राहते, केबिनमध्ये लहानशी गॅसची शेगडी पेटते आणि तिच्यावर पिठले शिजू लागते. सीटखालच्या डब्यात पीठ, तिखट, मीठ, कांदे. चालकाचा संसार तो एवढाच.

हे दृश्य पाहून कोणास कौतुक वाटेल, कोणी धोक्याचा इशारा देईल. धोका खराच आहे. बंद केबिनमध्ये जळणारी शेगडी हवा विषारी करते. शेजारीच डिझेलची टाकी असते. ज्वालाग्राही माल भरलेल्या गाडीत तर ठिणगीही नको. परंतु ‘केबिनमध्ये स्वयंपाक करू नका’ असे सांगण्यापूर्वी तो का केला जातो, हे विचारणे अगत्याचे आहे.

चालकाला खेपेमागे भत्ता मिळतो. ढाब्यावर वाचलेला पैसा घरी जातो. बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला परमुलखातील तेलकट जेवण रोज सोसत नाही. शिवाय माल आणि डिझेल यांची राखण त्याच्याच माथी असल्याने गाडी सोडून दूर जाता येत नाही. माल चढण्या-उतरण्याची वाट पाहण्यात कित्येकदा सबंध दिवस जातो, आणि तिथे पाण्याचा नळही नसतो. केबिनमधील चूल ही हौस नव्हे. ती निरुपायाने मांडलेली आहे.

कायद्याने या वर्गाची दखल घेतली नाही असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि मोठ्या आस्थापनांत उपाहारगृह, अशा तरतुदी केल्या. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना, आणि उपाहारगृहाची सक्ती शंभर कामगारांपासून पुढे. देशातील बहुतेक मालमोटारी मोजक्या गाड्या असलेल्या छोट्या मालकांच्या आहेत. म्हणजे ज्याला गरज अधिक, नेमका तोच कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. २०२० च्या संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला. एकट्या चालकाची चूल होती तिथेच आहे.

भर म्हणून, राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असण्याची अट २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. अनेक गाड्यांवर आता क्लीनरही नसतो. पूर्वी एक गाडी हाकी, दुसरा भाकरी थापी. आता एकट्यानेच दोन्ही करावयाचे. स्वयंपाकाचा तास निघतो तो झोपेतून. ती अपुरी झोप पुढे घाटात कोणाच्या जिवावर बेतेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

नव्या मालमोटारींत १ ऑक्टोबर २०२५ पासून वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे योग्यच झाले. मात्र थंड हवेने पोट भरत नाही. राष्ट्रीय महामार्गांवर ठरावीक अंतराने सुविधाकेंद्रे उभारण्याचे धोरण आहे; त्याचा लाभ द्रुतगती मार्गांपुरता न राहता तिसगावसारख्या गावांपर्यंत पोहोचला पाहिजे. बाजार समित्या, साखर कारखाने, औद्योगिक वसाहती या सर्वांनी माल भरण्याच्या ठिकाणी पत्र्याची शेड, पाणी, शौचालय आणि उघड्या हवेत चूल पेटविण्यासाठी ओटा एवढे जरी दिले, तरी पुष्कळ होईल. खर्च फार नाही.

देशाचे धान्य घरोघर पोहोचविणाऱ्याला स्वतःची भाकरी भाजण्यासाठी सुरक्षित जागा नसावी, ही गोष्ट समाजाला शोभणारी नाही.